उतारावरची पट्टी

पाऊस उघडून महिना लोटला होता आणि कोबीची पहिली तोड सुरू झाली होती. त्या आठवड्यातल्या बुधवारी, उन्हे छपरावरून अंगणात उतरण्याच्या वेळी, गावाच्या टोकाला शेवटच्या दोन घरांच्या मधोमध, पत्र्याच्या छपरीखाली, एक जुनी डिझेल पिकअप गाडी तोंड उताराकडे करून उभी होती. आणि तिच्या उघड्या बॉनेटमध्ये कमरेपर्यंत वाकून थोरला भाऊ तिच्या डिझेलच्या नळीतली हवा काढत होता.

वेळ आणि जागा मुद्दाम नोंदवली आहे, कारण पुढे जे घडले त्याच्या नाना कथा गावात निघाल्या. कोणी म्हणाले, भावाभावांच्या वैरात गाडीचा घात झाला. कोणी म्हणाले, जुनेच इंजिन ते, आज ना उद्या जायचेच. दोन्ही म्हणणी तपासून पाहिली तर टिकत नाहीत. घात कोणी केला नव्हता, आणि इंजिन जाण्याजोगे नव्हते.

नळीतली हवा काढणे हे एकट्याचे काम नव्हे. डिझेलचा फिल्टर बदलला की नळीत हवा शिरते, आणि हवा शिरलेले इंजिन कितीही फिरवा, पेट घेत नाही. मग एकाने हातपंप दाबत राहायचे आणि दुसऱ्याने वरचा स्क्रू सैल करून नजर ठेवायची. आधी फेस येतो, मग बुडबुडे येतात, आणि निव्वळ डिझेलची धार लागली की त्याच क्षणी स्क्रू आवळायचा. वडील होते तेव्हा थोरला पंपाला आणि धाकटा स्क्रूला असे. वडील नुसते चाकावर हात ठेवून उभे राहत. आता पंपाला थोरल्याची बायको होती, आणि तिला त्या कामाची मनापासून चीड होती.

"दाब," थोरला म्हणाला.

"दाबतेच आहे."

"जोर लाव की. पाळणा हलवतेस का?"

"पाळणे हलवूनच हात तयार झालेत, म्हणून एवढं तरी होतंय. ज्याचं काम त्याला बोलवा. भिंतीपलीकडं बसलाय तुमचा भाऊ, दोन हाका मारल्या तर ऐकू जाईल."

बुडबुडे संपून धार लागली होती. त्याने स्क्रू आवळला आणि जरुरीपेक्षा जास्त वेळ तो पुसत राहिला.

भिंत दोन वर्षांची होती. वडील गेले, आणि त्यानंतरच्या उन्हाळ्यात भाऊ वेगळे झाले. भांडण कशावरून झाले हे विचारण्यात अर्थ नाही. खुद्द भावांनाही ते धड आठवत नव्हते. आठवत होते ते त्या दिवशी तोंडातून गेलेले शब्द, आणि शब्द आठवायला कारण लागत नाही. वाटणी मात्र पंचांनी मोठ्या न्यायाने केली. शेत निम्मे निम्मे. गुरे निम्मी निम्मी. अंगणाचा सपाट भाग धाकट्याला गेला, आणि रस्त्याकडून आत येणारी वाट थोरल्याला. परिणाम असा झाला की ज्याच्याकडे गाडी उभी करायला जागा होती त्याच्याकडे ती आणायला वाट नव्हती, आणि ज्याच्याकडे वाट होती त्याच्याकडे उतारावाचून दुसरी जागा नव्हती. पंच चहा पिऊन घरी गेले.

राहिली गाडी. फिकट, धुळकट रंगाची म्हणून वडील तिला भुरी म्हणत, आणि भुरीचे दोन तुकडे करता येत नव्हते. तेव्हा आठ दिवस याने वापरावी, आठ दिवस त्याने, असे ठरले. ती उतारावरच्या छपरीत राही. तिचा सेल्फ वडिलांच्या हयातीतच थकला होता, त्यामुळे उतार सोयीचाच पडे: ब्रेक सोडावा, गाडी ओघळू द्यावी, आणि क्लच सोडला की इंजिन पेट घेई. भाऊ एकमेकांशी बोलत नसल्याने किल्ली आईच्या हातून जाई. आईची खोली भिंतीच्या टोकाला होती. तिच्या उंबऱ्यावर बसले की दोन्ही अंगणे दिसत आणि मधली छपरीही दिसे. ती बहुतेक वेळ तिथेच बसलेली असे.

धाकट्याच्या मागच्या पाळीला गाडी घाटाच्या पायथ्याशी बंद पडली होती, आणि त्याने आईकरवी निरोप पाठवला होता. निरोप आईने जसाच्या तसा दिला, कारण शब्द मऊ करून सांगण्याची तिची उमेद आता संपली होती.

"तो म्हणतो, अजून एकदा का हिनं दगा दिला तर भंगारात घालू आणि मोकळं होऊ."

"मोकळं होऊ म्हणाला?"

"असंच म्हणाला."

त्या दिवसापासून थोरल्याच्या जिवाला घोर लागला होता. तो घोर गाडीचा नव्हता. कोबी काय, भाड्याच्या टेंपोतूनही बाजारात जातो. पण शेताला बांध पडला होता, घराला भिंत पडली होती, विहिरीच्या पाण्याच्या पाळ्यासुद्धा अशा लागल्या होत्या की दोघांची गाठ पडू नये. दोघांचे म्हणून आता जगात एवढेच उरले होते: एक गाडी आणि एक किल्ली. गाडी गेली की आईच्या हातून इकडून तिकडे जाणारे काहीही राहणार नव्हते. थोरला हे कोणाजवळ बोलला नव्हता. तो फक्त भुरीला जपत होता.

"झालं ना आता?" बायकोने हात पुसत विचारले. "उद्या त्यांची पाळी. चकाचक करून द्या हं. नवरी सासरी पाठवतायत जशी."

"थांब. तेल बघायचं राहिलंय."

त्याने इंजिनातली तेलाची पट्टी उपसली, फडक्याने पुसली, पुन्हा आत घातली, पुन्हा उपसली आणि उजेडाकडे धरली. पट्टीवर दोन खुणा होत्या. तेल खालच्या खुणेच्या खाली असेल तर इंजिन उपाशी, वरच्या खुणेला टेकले तर पोट भरलेले. काळे तेल वरच्या खुणेच्याही बरेच वर चढलेले होते.

"भरलेलं आहे की," बायको म्हणाली.

"दिसतंय भरलेलं. तू उतार विसरलीस." थोरल्याचा आवाज इथे वडिलांसारखा झाला. "आबा काय म्हणायचे? गाडी रात्रभर उभी राहिलेली पाहिजे, थंड पाहिजे, आणि सपाटावर पाहिजे. तेव्हाच पट्टी खरं बोलते. उतारावर तेल सगळं पुढं ओघळतं आणि पट्टीपाशी गोळा होतं. ही पट्टी खोटं बोलते. खरं तेल याच्या निम्मं पण नसेल."

"मग सपाटावर लावून बघा एकदा."

"कुठं लावू? सपाट भिंतीच्या पलीकडं आहे."

थोरल्याने छपरीतल्या डब्यातून पत्र्याचे माप भरून घेतले आणि तेल हळूहळू, धार तुटू न देता, इंजिनात ओतले. वडिलांचा नियम असा होता की गाडी दुसऱ्याच्या हाती देताना तिच्यात एक माप तेल घालूनच द्यावी. उपाशी जनावर कोणाच्या दावणीला बांधू नये. तो नियम थोरल्याने दोन वर्षांत एकदाही मोडला नव्हता. उलट त्याने त्यात आपली भर घातली होती: गाडी परत आली की तो पहिल्या सकाळी आणखी एक माप घाली, कारण पलीकडे आठ दिवस राहिलेल्या गाडीला कोणी काही पाजले असेल यावर त्याचा विश्वास नव्हता.

"देताना एक, घेताना एक," बायको म्हणाली. "आणि तिकडून ती येते धूर ओकत. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात ना, तसं झालंय हिचं. एक घर सगळं करतं आणि दुसरं घर ढेकर देतं. जाऊन सांगा की एकदा तोंडावर, की बाबा, तेल घालत जा."

"सांगितलं तर काय म्हणेल? म्हणेल, एवढी तेल पिते तर विका."

"म्हणून गप्प बसायचं?"

"म्हणून घालायचं."

उंबऱ्यावरून आई हे सगळे पाहत होती. ऐकू तिला कमी येई, पण दिसे नीट. माप रिकामे करून थोरल्याने झाकण लावले तेव्हा ती हसली.

"बापाचा गुण पोरांत उतरला हो," ती म्हणाली.

थोरल्याला ते बरे वाटले. आईच्या बोलण्यात पोरगा नव्हता, पोरे होती, हे त्याच्या ध्यानात आले नाही.

दुसऱ्या दिवशी किल्ली आईच्या हातून पलीकडे गेली. ते आठ दिवस थोरल्याने शेतात काढले. रस्त्यावरून भुरी गेली की तो खुरपे थांबवून कान देई. आवाज जड झाला होता. वेग घेताना ती मागे निळा धूर सोडी, आणि तो धूर बांधावर बराच वेळ रेंगाळे. निळा धूर म्हणजे तेल जळते आहे, हे थोरल्याला माहीत होते. पण तेल का जळते याचा तर्क मनाच्या कलानेच धावतो, आणि थोरल्याचे मन भिंतीपलीकडे कलले होते. पिस्टनच्या रिंगा घालवल्या याने, तो मनाशी म्हणाला. ओझं लादून, दामटून, रिंगा घालवल्या. तेल पिणारी झाली बिचारी, आणि पाजणारा मी एकटा.

तेल जळते म्हणजे तेल कमी होते. कमी होते म्हणजे जास्त घातले पाहिजे. वरवर पाहता या तर्कात खोट काढता येत नाही. रोग हल्याला आणि औषध पखालीला देणारा माणूससुद्धा औषध मनापासूनच देत असतो.

गाडी परत आली त्याच्या दुसऱ्या सकाळी थोरल्याने पट्टी पाहिली. तेल खुणेच्या कितीतरी वर होते. "खोटारडी," तो पट्टीला म्हणाला, आणि धुराची आठवण ठेवून त्याने एकाऐवजी दोन मापे ओतली. मग कोबीच्या गोण्या भरल्या, दोर आवळला, आणि बाजाराला निघण्यासाठी तो आत बसला. ब्रेक सोडताच भुरी ओघळू लागली. त्याने क्लच सोडला. इंजिनाने पेट घेतला.

आधी आवाज नेहमीचा होता. छपरीच्या तोंडाशी थोरल्याने गाडी न्यूट्रल करून ब्रेक दाबला आणि इंजिन गरम व्हायची वाट पाहत थांबला. मग आवाज वाढू लागला. त्याचा पाय ॲक्सिलरेटरवर नव्हता. त्याने पाय उचलून पाहिला, पाहण्यासारखे काही नसताना पाहिला. आवाज वाढतच गेला, गुरगुर होती तिची किंकाळी झाली, आणि मागून धूर असा सुटला की भिंत दिसेना, आईची खोली दिसेना, कोबीच्या गोण्या दिसेनात. त्याने किल्ली फिरवून काढून घेतली. इंजिन थांबले नाही. त्याने बंद करायचा खटका ओढला, इतक्या जोराने की तो मुठीत तुटून आला. इंजिन थांबले नाही. किल्ली हातात, खटका हातात, आणि गाडी कोणाचीच नसल्यासारखी ओरडत होती.

"अहो, बाहेर या!" धुरातून बायकोचा आवाज आला. "सोडा ती, बाहेर या!"

तो बाहेर आला नाही. बाहेर येणे म्हणजे सोडून देणे, आणि सोडून देण्यासाठी त्याने दोन वर्षे तिला जपली नव्हती.

इतक्यात भिंतीवरून कोणीतरी धप्पकन उडी मारली.

"दादा! चौथा टाक! ब्रेक दाबून धर आणि क्लच सोड!"

दोन वर्षांत ही हाक त्याने ऐकली नव्हती. विचार करायला वेळ नव्हता, हे एका परीने बरे झाले. त्याने दोन्ही पायांनी ब्रेक दाबला, चौथा गियर टाकला, क्लच सोडला. गाडीला हिसका बसला, जळक्या क्लचचा वास सुटला, इंजिन क्षणभर दबले आणि पुन्हा उसळले. धाकटा ओले पोते घेऊन बॉनेटमध्ये शिरला होता.

"धरलंस?"

"धरलंय! तू काय करतोयस?"

"हवा बंद करतोय! हवा तोडली की मरते! धर, सोडू नको!"

"हात सांभाळ!"

"तू ब्रेक सांभाळ!"

हवा जिथून इंजिनात जाते त्या तोंडावर धाकट्याने पोते दाबले. इंजिनाने ते ओढून घ्यायला सुरुवात केली. त्याने तळवा लावला, मग कोपर, मग सगळे अंगच त्यावर टाकले. किंकाळी घोगरी झाली. गाडी थरथरली. मग आत खोल कुठेतरी, मडके फुटावे तसा पण त्याहून जड, असा एकच आवाज झाला, आणि सगळे शांत झाले.

धूर हळूहळू उतरला. थोरला खाली उतरला. धाकटा चाकाला टेकून बसला होता आणि त्याच्या उजव्या हाताची कातडी तळव्यापासून मनगटापर्यंत लाल झाली होती.

"भाजलं?"

"थोडं. तुला?"

"मला काही नाही."

यानंतर दोघेही गप्प बसले असते, तर कदाचित ही गोष्ट वेगळी झाली असती. थोरल्याच्या बायकोने पाण्याची बादली आणली. थोरला तांब्याने भावाच्या हातावर पाणी ओतू लागला, आणि ओततानाच त्याच्या तोंडातून ते निघाले.

"रिंगा घालवल्यास तू हिच्या."

धाकट्याने मान वर केली. "मी घालवल्या?"

"मग कोणी? आठ दिवस तिकडं राहिली की धूर ओकत येते. तेल घालायला हात आखडतो तुझा."

"माझा हात? हा हात?" धाकट्याने भाजलेला हात उचलला. "दादा, तोंड सांभाळ. उपाशी गाडी तू पाठवतोस माझ्याकडं. दर वेळेला. मी पाजतो तिला."

"तू पाजतोस!"

"नाहीतर काय तू?"

"हात खाली धर, पाणी सांडतंय," थोरला ओरडला. "खोटं बोलतोस ते बोलतोस, वर हात हलवतोस!"

"खोटं? मिस्त्रीकाकांना बोलवा. उघडू देत तेलाचं चेंबर. कळू दे गावाला, कोण पाजत होतं आणि कोण उपाशी मारत होतं!"

"बोलवा! आत्ता बोलवा!"

असे भांडण चालले होते आणि पाणी ओतले जात होते. आई उंबऱ्यावर उभी राहिली होती. तिला शब्द ऐकू येत नव्हते. तिला एवढेच दिसत होते की एक लेक दुसऱ्याच्या हातावर पाणी घालतो आहे. तिने पदराने डोळे पुसले. त्या सबंध दिवसात समाधान मिळालेले माणूस ते एकच.

मिस्त्री सायकलवरून आला. तो वडिलांच्या बरोबरीचा होता, भुरीला वासरू असल्यापासून ओळखत होता, आणि जीभ त्याची पान्यापेक्षा जड होती. त्याने आधी इंजिन हाताने फिरवून पाहिले. ते हलले नाही. त्याने पोत्याचा जळका तुकडा उचलून हुंगला. मग विचारले, "बंद करायला गेलास तेव्हा बंद झालं नाही?"

"किल्ली काढली, खटका उपटला, तरी नाही," थोरला म्हणाला. "काका, चेंबर उघडा. तेल किती आहे ते बघू द्या याला."

"बघू द्याच," धाकटा म्हणाला.

मिस्त्रीने दोघांकडे आळीपाळीने पाहिले, गाडीखाली पोते अंथरले, रिकामा डबा सरकवला आणि चेंबरचा नट ढिला केला.

थोरल्याने श्वास रोखला होता. काटकीएवढी धार येईल, चार थेंब गळतील आणि थांबतील; मग तो काही बोलणार नव्हता, नुसता भावाकडे पाहणार होता. धाकटाही त्याच कारणासाठी श्वास रोखून उभा होता, हे त्याला कुठून कळावे?

धार आली ती मनगटाएवढी. काळी, चकचकीत, थांबण्याचे नाव नाही. डबा भरला. मिस्त्रीने बोट लावून भोक दाबले. "दुसरं काहीतरी द्या." बायकोने बादली रिकामी करून दिली. बादली अर्धी झाली, पाऊण झाली. धाकट्याची बायको पलीकडून भिंतीवर हात ठेवून पाहत होती; तिने न बोलता आपले घमेले भिंतीवरून अलीकडे दिले. घमेल्यातही तेल पडू लागले. अंगणात त्या धारेखेरीज आवाज नव्हता.

"एवढं जळून एवढं उरलं," मिस्त्री गाडीखालून म्हणाला. बाहेर येऊन त्याने गुडघे झटकले. "गाडीला पाहिजे त्याच्या दुप्पट तेल होतं. दुप्पट तरी. किती घालत होतास रे?"

थोरला म्हणाला, "देताना एक माप. आबांचं होतं तसं. आणि घेताना एक."

"घेताना का?"

"वाटलं, हा घालत नसेल."

मिस्त्री धाकट्याकडे वळला. धाकटा घमेल्याकडे पाहत होता.

"मी पण," तो म्हणाला.

"काय, मी पण?"

"देताना एक, घेताना एक. वाटलं, दादा घालत नसेल."

मिस्त्रीने फडक्याने एकेक बोट पुसले.

"डिझेल बंद करून ती थांबेल कशी? ती डिझेलवर चालतच नव्हती. तेल एवढं झालं की ते हवेच्या नळीतून वर चढलं, आणि ती स्वतःचंच तेल पीत सुटली. मरेपर्यंत प्यायली." त्याने मान हलवली. "दोन घरचा पाहुणा उपाशी मरतो, असं ऐकलं होतं बाबा आजवर. जेवून मेलेला हा पहिलाच बघितला."

"पण पट्टी?" थोरला म्हणाला. "पट्टीवर जास्त दिसायचं, पण ती उतारावर..."

"पट्टी बघायचास तू?"

"दर वेळेला. पण उतारावर खोटं दाखवते म्हणून..."

"मला पण तसंच वाटायचं," धाकटा हळूच म्हणाला. "आबा सांगायचे ना, सपाटावर बघ. आणि सपाटावर लावायला..." त्याने भिंतीकडे पाहिले आणि वाक्य तिथेच सोडले.

"उतार बोटभर फरक दाखवतो," मिस्त्री म्हणाला. "वीतभर नाही दाखवत."

मग त्याने आईला मोठ्याने सगळे सांगितले, कारण तिला सांगणे कोणाला तरी भाग होते. ऐकता ऐकता तिचा चेहरा उतरत गेला. ती उंबऱ्यावर पुन्हा बसली.

"मी बघत होते की रे दोघांना," ती म्हणाली. "हा सकाळी घाली, तो दुपारी घाली, हा शेतात गेला की. मला वाटायचं, बोलत नाहीत तर नाहीत, हात तरी एका ठिकाणी लागतायत. सांगितलं असतं, की अरे तो पण घालतो, तर दोघंही थांबला असता. म्हणाला असता, तो घालतोय तर मी कशाला? म्हणून नाही बोलले. तेवढंच तर चाललं होतं तुमचं एकमेकांशी."

थोरल्याला वाटले, आता आपण काही बोलावे. चहा घे म्हणावे, हाताला मलम लाव म्हणावे, पहिला शब्द कोणताही चालला असता. तो शब्द शोधत असतानाच धाकटा उठला. भिंतीवरून आला होता तसा तो गेला नाही. वाटेने रस्त्यावर गेला, रस्त्याने वळसा घालून आपल्या दाराने आत गेला, आणि दार लावून घेतल्याचा आवाज आला. लोक म्हणतात, संकटात सापडलेले भाऊ एक होतात. होत असतील. पण चुकीत सापडलेल्या भावांना एकमेकांच्या तोंडाकडे पाहण्याची लाज वाटते, आणि लाजेची भिंत रागाच्या भिंतीपेक्षा उंच असते. रागावलेला माणूस निदान भांडायला तरी येतो.

इंजिन उघडून काही उपयोग नव्हता. मिस्त्रीने तसे स्पष्ट सांगितले होते. कोबीची दुसरी तोड भाड्याच्या टेंपोतून गेली. धाकट्याने आईकरवी निरोप पाठवला की भंगारवाल्याकडून जे येईल ते तिनेच ठेवावे, त्याला त्यातले काही नको. थोरल्याने उत्तर पाठवले की त्यालाही नको. दोन्ही निरोप आईने पोहोचवले. ते शेवटचे निरोप.

भंगारवाल्याचा ट्रक वाटेच्या तोंडाशी उभा राहिला. तो उतारावर आणता येत नव्हता, म्हणून भुरीला छपरीच्या तोंडापासून मागे, चढावर ढकलत न्यायचे होते, आणि ते एकट्याचे काम नव्हते. थोरला बॉनेटला खांदा लावून उभा राहिला. थोड्या वेळाने दुसरा खांदा शेजारी येऊन टेकला. थोरल्याने पाहिले नाही. भाजलेल्या हाताची पट्टी तेवढी त्याला कोपऱ्यातून दिसली. हात वर करून, नुसत्या खांद्याने, धाकटा ढकलत होता.

"दाब," थोरला म्हणाला.

"दाबतोय."

"बस. बस. आता सोड."

एवढेच बोलणे झाले. गाडी वर चढली, साखळी लागली. थोरल्याच्या हातात किल्ली राहिली होती. सवयीने तो उंबऱ्याकडे गेला आणि ती त्याने आईपुढे धरली. आईने हात पुढे केला, तोही सवयीनेच. किल्ली घेतली, पलीकडच्या अंगणाकडे वळली, आणि थांबली. धाकटा आपल्या दाराशी पोहोचला होता. त्याने किल्ली पाहिली आणि मान खाली घातली. आईने ती मुठीत मिटून घेतली.

भंगारवाला गाडीभोवती फिरून, टायर ठोकून आला होता. त्याला काही माहीत नव्हते. तो जाता जाता विचारायचे म्हणून विचारत होता.

"बॉडी चांगली ठेवलीय की. बाहेरून सुद्धा पुसलेली. कशानं गेली हो गाडी?"

थोरला बोलला नाही. धाकटा बोलला नाही. भंगारवाल्याने म्हातारीला ऐकू गेले नसेल म्हणून पुन्हा मोठ्याने विचारले.

"ऐकलं मी," आई म्हणाली. "दोघांनी घातलं, आणि एकानंही विचारलं नाही. त्यानं गेली."